विश्लेषण : मालवणचे शंकर आघारकर, कोयनेतील जेलीफिश आणि जनुकांची ‘नक्कल’

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावे इतकी जवळची की पुण्यातलेही अनेक जण ही संस्था समाजसुधारक आगरकरांच्या नावाची समजतात. प्रत्यक्षात ती आहे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची. मालवणात जन्मलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणिशास्त्रातल्या एका शोधामुळे प्रथम प्रकाशात आला, पहिल्या महायुद्धात जर्मनीत अडकला, कोलकात्यात दोन तपांहून अधिक काळ शिकवत राहिला आणि निवृत्तीच्या वयात पुण्यात नवी संस्था काढून बसला. तरुणपणी त्यांनी सह्याद्रीतल्या डोहात जो जीव पाहिला, त्यात एक कोडे दडले होते. एकाच जीवाला दोन अगदी वेगळे देह कसे मिळतात, हे ते कोडे. जनुके, आरएनए आणि प्रतिलेखन यांच्या भाषेत त्याचे उत्तर देण्याची सोय झाली, ती आघारकर गेल्यानंतर वर्षाच्या आत.

कोण होते शं. पु. आघारकर?

जन्म १८ नोव्हेंबर १८८४, मालवण. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. मालवण रत्नागिरी जिल्ह्यात आणि रत्नागिरी मुंबई इलाख्यात. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला. या खात्यातल्या माणसाचे बिऱ्हाड रस्ता, पूल, धरण जिकडे असेल तिकडे फिरते आणि मुलांचे शिक्षणही त्याच्यामागून जाते. शंकरचे शालेय शिक्षण धारवाडला झाले. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालय. तिथेच ते जीवशास्त्र शिकवू लागले.

त्या काळी भारतात जीवशास्त्र शिकवणे म्हणजे मुख्यतः इंग्रजी पुस्तकातले प्राणी आणि झाडे शिकवणे. मुलांसमोर ठेवायचे नमुने कुठून आणायचे, हा प्रश्न शिक्षकाचा. आघारकरांनी तो सुट्ट्यांमध्ये सोडवला. ते पश्चिम घाटात भटकत, झाडे आणि प्राणी दोन्ही गोळा करत. आज वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती त्यांनी फारशी मानली नाही. मानली असती तर पुढचा शोध लागलाच नसता. वनस्पती गोळा करणारा माणूस डोहात कशाला वाकून पाहील?

कोयनेच्या डोहात काय सापडले?

१९११ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, सातारा जिल्ह्यात कोयना आणि वेण्णा या नद्यांत आघारकरांना जेलीफिश दिसली. मालवणच्या वाचकाला जेलीफिशचे नवल नाही. रापण ओढताना जाळ्यात माशांबरोबर हे लिबलिबीत पारदर्शक गोळे येतात, हाताला लागले तर खाज सुटते, आणि ते वाळूवर टाकून दिले जातात. पण हा समुद्राचा जीव. घाटमाथ्याच्या पलीकडे, समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहणाऱ्या नदीच्या गोड्या पाण्यात तो असण्याचे कारण नव्हते.

ही जेलीफिश आकाराने लहान, एक-दोन सेंटीमीटरची. उन्हाळ्यात नदीची धार आटते, पाणी डोहाडोहांत साठून राहते, तेव्हा ती दिसे. पावसाळ्यात पूर आले की नाहीशी होई. आघारकरांनी नमुने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये पाठवले. तिथले अधीक्षक नेल्सन अ‍ॅनन्डेल हे गोड्या पाण्यातील प्राण्यांचे त्या काळातले मोठे जाणकार. त्यांनी ही जात विज्ञानाला नवी असल्याचे जाहीर केले आणि तिला नाव दिले लिम्नोक्निडा इंडिका. पाठोपाठ १९१२ मध्ये म्युझियमचे एफ. एच. ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून तिच्या सवयी आणि तिचे आढळ यावर टिपण प्रसिद्ध केले.

शोधाचे श्रेय कागदावर नाव देणाऱ्याला मिळते, ही वर्गीकरणशास्त्राची रीत. म्हणून शास्त्रीय नावापुढे अ‍ॅनन्डेल यांचे नाव येते. डोहात वाकून पाहिलेल्या माणसाचे नाव त्यात येत नाही. अ‍ॅनन्डेल यांनी आघारकरांचे श्रेय लपवले, असे मात्र नाही. उलट या ओळखीतूनच आघारकरांना पुढची दारे उघडली.

त्यात एवढे खळबळजनक काय होते?

लिम्नोक्निडा हे कूळ तोवर आफ्रिकेतले मानले जाई. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात १८८३ मध्ये अशी जेलीफिश दिसली होती. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या या सरोवरात हा जीव आला कुठून? काही शास्त्रज्ञांनी थेट निष्कर्ष काढला की टांगानिका हा कधीकाळी समुद्राचाच फाटा होता. त्यासाठी मोहिमाही निघाल्या. मग तोच प्रकार साताऱ्याच्या डोंगरी नदीत सापडला. तिथे तर प्राचीन सरोवरही नाही. म्हणजे अडकून पडलेल्या समुद्राची कल्पना निदान एकट्याने पुरी पडणार नव्हती.

योगायोग असा की त्याच सुमारास, १९१२ च्या जानेवारीत, जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात ही कल्पना मांडली. भारत आणि आफ्रिका एके काळी जोडलेले होते, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तेव्हा ती कल्पना वेडगळ ठरवली गेली. एक जेलीफिश खंडांच्या प्रवासाचा पुरावा होऊ शकत नाही, हेही खरे. कारण असे सूक्ष्म जीव पाणवनस्पतींना चिकटून, पक्ष्यांच्या पायांबरोबर, चिखलाबरोबर दूर जाऊ शकतात. गोड्या पाण्यातली दुसरी प्रसिद्ध जेलीफिश, क्रॅस्पेडाकुस्ता, तर १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील बागेत, विशाल कमळांच्या हौदात सापडली होती. तिचे मूळ घर चीन. झाडांबरोबर तिने जगभर प्रवास केला.

कुठला जीव कुठे आणि कसा पोहोचला, हा प्रश्न मात्र आघारकरांच्या मनात रुजला. त्यांच्या पुढच्या संशोधनाची दिशा त्यानेच ठरवली.

एका जीवाचे दोन देह म्हणजे काय?

जेलीफिश म्हणून आपण जे पाहतो ते तिच्या आयुष्याचे एक रूप. शास्त्रात त्याला मेडुसा म्हणतात. छत्रीसारखा देह, कडेला लोंबणारे तंतू, पोहण्याची शक्ती. दुसरे रूप पॉलिप. ते बोटाच्या पेराहून कितीतरी लहान, दगडाला किंवा काडीला चिकटलेले, हलत नाही. परिस्थिती अनुकूल झाली की या चिकटलेल्या पॉलिपमधून पोहणारी जेलीफिश फुटते. झाडाला कळी यावी तशी.

ही दोन रूपे इतकी वेगळी की शास्त्रज्ञही फसले. लंडनच्या क्रॅस्पेडाकुस्ताचाच पॉलिप अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ सापडला, तेव्हा १८८५ मध्ये तो स्वतंत्र प्राणी समजून त्याला मायक्रोहायड्रा असे वेगळे नाव दिले गेले. दोन्ही एकच आहेत हे पक्के व्हायला बराच काळ गेला. एकाच माणसाला दोन गावांनी दोन नावांनी ओळखावे आणि दोन माणसे म्हणून नोंद व्हावी, तसा हा घोळ.

गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचे हंगामी प्रकट होणे यातूनच समजते. पाणी तापले, साचले की पॉलिपांपासून मेडुसा फुटतात. पुराने त्या वाहून जातात किंवा मरतात, पण दगडाला चिकटलेले बारीक पॉलिप मागे राहू शकतात. डोहाच्या काठावरून पाहणाऱ्याला फक्त येणे आणि जाणे दिसते.

खरा पेच पुढेच आहे. मेडुसा पॉलिपमधूनच फुटते. म्हणजे दोघांचा आनुवंशिक मजकूर एकच. मग एक दगडाला चिकटून बसतो आणि दुसरी छत्री उघडून पोहते, हा फरक कुठून येतो? १९११ मध्ये या प्रश्नाला हात घालण्याचे साधनच नव्हते. जनुक हा शब्द तयार होऊन दोन वर्षे झाली होती. ते कशाचे बनलेले असते, हे जगात कोणालाही माहीत नव्हते.

जर्मनीत अडकले ते कसे?

इंडियन म्युझियममध्ये काम करत असतानाच कोलकाता विद्यापीठात मोठी घडामोड झाली. कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये विज्ञान शिक्षणासाठी विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. त्यातून प्राध्यापकपदे निर्माण झाली. भौतिकशास्त्रासाठी देवेंद्रमोहन बोस, वनस्पतिशास्त्रासाठी आघारकर. निवड झालेल्यांनी आधी परदेशात जाऊन शिक्षण पुरे करायचे, अशी योजना. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांची ही दृष्टी. प्रांत, भाषा न पाहता चांगला माणूस उचलायचा. बंगालमधल्या मानाच्या पदावर एकोणतीस वर्षांचा कोकणी माणूस बसला तो यामुळे.

१९१४ मध्ये बोस आणि आघारकर दोघेही जर्मनीला गेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन असलेले हे दोन भारतीय एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. घरी परतणे अशक्य, पत्रव्यवहार अवघड, भवितव्य अनिश्चित. दोन वर्षांचे शिक्षण पाच वर्षांवर गेले.

आघारकरांनी तो काळ वाया जाऊ दिला नाही. बर्लिनला आडोल्फ एंगलर होते. जगातील वनस्पतींची मांडणी करणाऱ्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव सर्वात वरचे, आणि बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे ते संचालक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आघारकरांनी जो विषय घेतला तो थेट भारतातला होता. वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशात आणि खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती तिथे आल्या कुठून आणि त्यांची बी पसरते कशी? १९१९ मध्ये त्यांना या प्रबंधावर डॉक्टरेट मिळाली. प्रबंध जर्मन भाषेत होता. आज तो मुळातून वाचणारे भारतात थोडेच असतील.

कोयनेच्या जेलीफिशबद्दल विचारलेला प्रश्नच इथे झाडांना विचारलेला दिसतो. रुईचे बी रेशमी पिसारा घेऊन वाऱ्यावर जाते. गोखरूचे काटेरी फळ जनावराच्या खुराला, माणसाच्या चपलेला लागून जाते. मालवणजवळच्या खाड्यांत कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, शेंगेसारखे लांब होते आणि मग पाण्यात पडून तरंगत जाते. आघारकरांचा अभ्यास वाळवंटाकडच्या झाडांचा होता, खाडीचा नव्हे. पण खाऱ्या जागी तगणारे झाड काय काय करते, हे पाहण्याची नजर खाडीकाठी जन्मलेल्याला परकी नसते.

कोलकात्यात काय केले?

१९२० मध्ये ते परतले आणि १९४६ पर्यंत कोलकाता विद्यापीठातच राहिले. ही सव्वीस वर्षे एका शोधाच्या गोष्टीसारखी रंगवून सांगता येत नाहीत. अभ्यासक्रम आखणे, प्रयोगशाळा उभी करणे, वनस्पतींचा संग्रह वाढवणे, विद्यार्थी घडवणे. विद्यापीठ मात्र त्या काळी भारतीय विज्ञानाचे केंद्र होते. प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन, मेघनाद साहा हे सगळे तिथले. आघारकर भारतीय विज्ञान परिषदेच्या कामात होते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज इन्सा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे ते संस्थापक सदस्य.

याच काळात विज्ञानाचा रोख बदलत होता. झाडाचे बाह्य रूप पाहून नाव देणारे वनस्पतिशास्त्र सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजू लागले होते. भारतातील गुणसूत्रांच्या अभ्यासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते अरुणकुमार शर्मा याच विद्यापीठातून १९४५ मध्ये एम.एस्सी. झाले, आघारकर निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी. त्याच्या एक वर्ष आधी, १९४४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ओस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी जीवाणूंवरच्या प्रयोगांतून दाखवले की आनुवंशिक मजकूर डीएनएमध्ये असतो. ही बातमी पचायलाही जगाला काही वर्षे लागली.

साठीनंतर पुण्यात नवी संस्था कशासाठी?

निवृत्तीच्या वेळी आघारकरांचे वय ६१. त्या वयात बहुतेक जण गावी घर बांधतात. आघारकर पुण्यात आले आणि १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली. इंग्रजी नावाच्या अक्षरांवरून ती ‘मॅक्स’ म्हणून ओळखली जाते. तिचे नाव आणि कल्पना दोन्हींवर कोलकात्याची छाप दिसते. तिथे महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये अशीच संस्था लोकवर्गणीतून काढली होती आणि रामन यांचे नोबेल मिळवून देणारे काम तिथेच झाले होते.

संस्थेपुढची अडचण साधी होती. स्वातंत्र्यानंतर सरकारी पैसा मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे वळला. पुण्यातच १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा थाटात उघडली. तिच्या शेजारी एका निवृत्त प्राध्यापकाने चालवलेली खासगी संशोधन संस्था टिकणे कठीण. इथे आघारकरांचे व्यवहारज्ञान दिसते. संस्थेने शेतीशी, पिकांशी, सूक्ष्मजीवांशी जोडलेले विषय धरले. गहू आणि पुढे सोयाबीन, द्राक्ष यांवर काम उभे राहिले. केवळ ज्ञानासाठी ज्ञान असे धोरण ठेवले असते तर ती बहुधा काही वर्षांत बंद पडली असती.

संस्थापक संचालक म्हणून ते अखेरपर्यंत काम करत राहिले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. आज ती केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था आहे.

प्रतिलेखन म्हणजे काय?

आघारकर गेले त्याच १९६० च्या आसपास अमेरिकेतील काही प्रयोगशाळांनी एक एन्झाइम शोधून काढले. त्याचे नाव आरएनए पॉलिमरेज. पुढच्या मे महिन्यात, १९६१ मध्ये, संदेशवाहक आरएनए अस्तित्वात असल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी जनुके चालू-बंद कशी होतात याचा आराखडा मांडला. त्यांना १९६५ चे नोबेल मिळाले.

सातबारा काढलेल्या कोणालाही हा प्रकार समजेल. गावाचे मूळ दप्तर कार्यालयातच असते, ते बाहेर जात नाही. कर्ज हवे असेल, वारसनोंद करायची असेल, तर ज्या गटाची गरज आहे त्याचीच नक्कल काढली जाते. बँकेचे काम त्या नकलेवर चालते. काम झाले की कागद फाटला तरी चालतो, दप्तर शाबूत असते.

पेशीतही तसेच. डीएनए हे दप्तर, ते पेशीच्या केंद्रकात. आरएनए ही नक्कल. ती काढणारा कारकून म्हणजे आरएनए पॉलिमरेज. नक्कल काढण्याच्या या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. नक्कल केंद्रकाबाहेर जाते, तिच्यावरून प्रथिन बनते आणि शरीराचे प्रत्यक्ष काम प्रथिने करतात. नक्कल अल्पायुषी असते, म्हणून गरज बदलली की पेशीला लवकर बदलता येते. एखाद्या जनुकाची नक्कल निघून त्याचे काम सुरू होणे यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

दाखला एका ठिकाणी तोकडा पडतो. कार्यालयात नक्कल मागणारा माणूस बाहेरून येतो. पेशीत ही मागणी बहुतांशी प्रथिनेच करतात. काही प्रथिने डीएनएच्या ठरावीक जागी बसून कारकुनाला बोलावतात, काही त्याची वाट अडवतात. ऊन, थंडी, मीठ, भूक यांची वर्दी या प्रथिनांपर्यंत पोहोचते आणि कोणती पाने उघडायची ते ठरते.

म्हणजे जेलीफिशचे कोडे सुटले का?

त्याचा मुख्य सांधा हाती लागला. पॉलिप आणि मेडुसा यांचे दप्तर एकच, पण नकला वेगवेगळ्या पानांच्या निघतात. छत्री, पोहण्याचे स्नायू, संवेदना घेणारे अवयव यांची पाने पॉलिपच्या अवस्थेत बरीचशी मिटलेली असतात.

समुद्रातल्या चंद्र जेलीफिशवर जर्मनीतील कील येथील गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या बाबतीत फार बोलके आहे. या जातीत पॉलिपला थंडी लागली की काही आठवड्यांनी तो चकत्यांसारखा विभागतो आणि प्रत्येक चकती जेलीफिश होऊन निघते. मग पॉलिप हे आठवडे मोजतो कसे? संशोधकांना असे जनुक सापडले की थंडीत त्याची आरएनए नक्कल हळूहळू साठत जाते. साठा पुरेसा झाला की रूपांतर सुरू. दोन दिवसांच्या गारठ्याने पॉलिप फसत नाही, खरा हिवाळा गेला आहे याची खात्री झाल्यावरच तो हलतो. नकलांचा ढीग हेच त्याचे घड्याळ.

कोयनेतली लिम्नोक्निडा ही तिची दूरची नातलग. ती थंडीत नव्हे, उन्हाळ्यात दिसते. त्यामुळे हे जनुक जसेच्या तसे तिला लावता येणार नाही. पण आघारकर आणि ग्रेव्हली ज्या ऋतूंची नोंद करत होते, तो ऋतू पेशीच्या आत कसा वाचला जातो, याचा नमुना इथे मिळतो.

दरम्यान तो डोहच राहिला नाही. कोयनेच्या खोऱ्याचा मोठा भाग १९६० च्या दशकात शिवसागर जलाशयाखाली गेला. लिम्नोक्निडा इंडिकाची नोंद नंतर दक्षिण भारतातल्या इतर पाण्यांतही झाली आहे.

खारफुटी आणि गहू यांच्याशी याचा संबंध काय?

आघारकरांच्या प्रबंधातल्या खाऱ्या जमिनीच्या झाडांकडे आज याच चष्म्यातून पाहिले जाते. बी तिथे पोहोचले कसे, हा अर्धा प्रश्न. पोहोचल्यावर मेले का नाही, हा दुसरा अर्धा. तिवराच्या पानाची खालची बाजू जिभेला लावून पाहिली तर खारट लागते. हे झाड मीठ पानावाटे बाहेर टाकते. मुळाशी मीठ वाढले की सोडियम पेशीबाहेर ढकलणाऱ्या, किंवा पेशीतल्या कोठारात कोंडणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांच्या नकला वाढतात. भाताच्या रोपालाही अशी काही जनुके असतात, पण तिवराइतका जोर त्याच्याकडे नाही. चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात अजय परिदा यांच्या गटाने याच तिवरातील जनुके वेगळी करून भातात घालण्याचे प्रयोग केले. खाडीचे पाणी शिरून खार झालेल्या शेतात भात लावणाऱ्या सिंधुदुर्गच्या शेतकऱ्याला या प्रयोगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

गव्हाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. त्याचे दप्तर माणसाच्या पाचपटीहून मोठे, सुमारे सतरा अब्ज अक्षरांचे. जनुके एक लाखाहून अधिक. माणसात ती सुमारे वीस हजार. एवढ्या जनुकांतून तांबेऱ्याला रोखणारे, दाण्यात लोह आणि जस्त भरणारे जनुक शोधायचे आणि ते योग्य वेळी उघडते का हेही पाहायचे. नुसते जनुक असून भागत नाही. ते मिटलेलेच राहिले तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

आघारकर संस्थेचे बारामती तालुक्यात होळ येथे प्रक्षेत्र आहे. संस्थेच्या वाणांच्या नावात आजही मॅक्स हीच अक्षरे येतात. खपलीचा मॅक्स २९७१, शेवया-पास्त्याच्या बन्सी प्रकारातला मॅक्स ४०२८, पोळीचा मॅक्स ६४७८. यातला मॅक्स ६४७८ हा ११० दिवसांत तयार होतो आणि त्यात सुमारे १४ टक्के प्रथिने असतात. करंजखोप गावातल्या शेतकऱ्यांना पूर्वी हेक्टरी २५ ते ३० क्विंटल गहू मिळे, या वाणाने तो ४५ ते ६० क्विंटलवर नेला. करंजखोप सातारा जिल्ह्यात आहे. कोयना आणि वेण्णेचे ते डोहही त्याच जिल्ह्यातले.